अकरा महिन्यांची केळ

केळफूल दिसल्याबरोबर विठानं पहिलं काम काय केलं, तर दोरीवर चादर वाळत घातली. चादर ओली नव्हती. धुतलेलीसुद्धा नव्हती. कपाटातली घडी मोडून तिनं ती आणली आणि मोरीमागच्या दोरीवर अशी पसरली, की पलीकडून येणाऱ्याला केळीची वरची पानं तेवढी दिसावीत आणि पानांमधून नुकतंच खाली वळलेलं ते जांभळं बोंड दिसू नये. घरातल्या बिनलग्नाच्या पोरीला दिवस गेल्यावर आईची जी धांदल उडेल, तीच तिची उडाली होती.

हिंदुराव, तिचा नवरा, तोंडात ब्रश घेऊन मागच्या दारात आला.

"आगं, सुकी चादर कशापायी वाळत घातलीस?"

"हळू बोला. मावशी पंप चालू करायला यायची येळ झालीय."

"मग यिऊंदे की. मावशी काय चादरीचं भाडं मागनाराय?"

विठानं चादरीचा कोपरा उचलला. हिंदुरावानं वाकून पाहिलं आणि तोंडातला फेस गिळून टाकला.

"च्यायला! घड येनार व्हय हिला?"

"हळू म्हनते ना!"

तेवढ्यात चाळीच्या टोकाला पंप घरघरला आणि दोघंही चोरासारखी घरात पळाली.

मावशी म्हणजे ठमाबाई, घरमालकीण. बदलापूरच्या बेलवलीत तिच्या सासऱ्याची भातशेती होती, तिथं आता खोल्यांची एक बैठी चाळ उभी होती आणि समोर तिचं स्वतःचं घर. वयानं थकलेली, गुडघ्यांनी अधू, पण नजर घारीची. भाडोत्र्यांकडून तिच्या अपेक्षा फार नव्हत्या. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, पाहुणा फार दिवस ठेवायचा नाही, जमिनीत काही लावायचं नाही, आणि अकरा महिन्यांचा करार संपला की मुकाट्यानं बिऱ्हाड उचलायचं. दुसरा करार तिनं कुणाशीच केला नव्हता. त्यालाही कारण होतं. तिच्या नवऱ्याच्या हयातीत एक भाडोत्री खोलीत असा रुतून बसला, की त्याला काढायला वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालावे लागले. खोली सुटली, पण नवरा खेटे घालता घालताच गेला. तेव्हापासून भाडोत्री म्हणजे पाहुणा आणि पाहुण्यानं मूळ धरू नये, हा तिचा कायदा होता.

अकरा महिने म्हणजे काय, हे स्वतःच्या घरात राहणाऱ्याला सांगून कळायचं नाही. संसाराला लागल्यापासून विठाचं बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर होतं. उल्हासनगर, अंबरनाथ, पुन्हा उल्हासनगर, आता बदलापूर. अकरा महिने भरत आले, की कुठल्याही मालकाला पोराचं लग्न आठवायचं, नाहीतर गावाकडून येणारा भाऊ. हिंदुराव उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर होता. शेठ बोलायला गोड, काम बारमाही. विठाही घरी जीन्सचे गठ्ठे आणून शिवणीचे लोंबते धागे कापून द्यायची. पण स्वतःचं घर म्हटलं, की दोन टोकं कधी जुळली नाहीत.

आणि विठाला तर झाडांचं वेड. कॅम्प तीनमध्ये तिनं तेलाच्या डब्यात लिंबू लावलं होतं. घर बदलताना टेंपोवाला म्हणाला, "काटे हैं, सामान फाडेगा, छोड़ो इसको." ते राहिलं. अंबरनाथ पूर्वेला पपई लावली. पपईला बोटभर फळं धरली आणि त्याच आठवड्यात मालकानं खोली मागितली. पुढं कधीतरी राहून गेलेला पाटा आणायला ती तिथं गेली, तर नवी भाडोत्रीण दारात बसून तीच पपई कापत होती. बाई स्वभावानं बरी. तिनं एक फोड विठाच्याही हातावर ठेवली. "घ्या हो, घरची आहे," म्हणाली. ती फोड विठाच्या घशाखाली उतरेना. फोड गोड होती, हेच तर वाईट होतं. घरी येईस्तोवर ती रडत आली आणि त्या दिवशी तिनं मनाशी ठरवून टाकलं, की भाड्याच्या घरात कोथिंबीर लावावी, झाड लावू नये.

मग ही केळ आली कुठून? तर, दिवाळीनंतर ती बेलवलीत राहायला आली, तेव्हा ठमाबाईच्या गड्यानं समोरच्या केळींच्या बुडाशी फुटलेली जास्तीची पिल्लं, म्हणजे मुनवे, खणून चाळीमागं फेकले होते. मोरीचं पाणी जिथं बाहेर पडायचं, तिथं सदा चिखल. भांडी घासता घासता विठानं त्यातला एक मुनवा त्या चिखलात ठेवला. लावला असं ती कधीच म्हणाली नाही. ठेवला. आता ठेवताना खाली वीतभर खड्डा खणला होता आणि वरून माती दाबली होती, ही गोष्ट वेगळी. ठमाबाईनं एकदा जाता जाता बघितलं आणि म्हणाली, "फेकलेला पन जगलाय वाटतं." विठानं मान हलवली. खोटं काही ती बोलली नाही, पण खरंही बोलली नाही.

केळीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिचं माहेर आणि सासर दोन्ही माणदेशातलं. जिथं माणसालाच पाणी मापून मिळतं, तिथं केळ कुठली दिसायला? हिंदुरावाला मात्र सगळंच ठाऊक असायचं. "बुडाशी मीठ घाल, गोड हुतील," असं त्यानं एकदा ठामपणे सांगितलं. नशीब, विठानं ऐकलं नाही.

शेवटी लेकीनं मनावर घेतलं. अक्षदा अंबरनाथला एका सायबर कॅफेत कामाला होती. एका संध्याकाळी ती छापलेला कागद नाचवतच घरात आली.

"आई, हे बघ नेटवर काय मिळालं. घरच्या घरी केळी कशी लावायची, एकदम बिगिनर लोकांसाठी."

"वाच की मग."

"सूर्यप्रकाश येईल अशा खिडकीत ठेवा. थंडी पडली की कुंडी उचलून घरात आणा..."

"आन आमी कुठं निजायचं? मोरीत?" हिंदुराव म्हणाला.

"पप्पा, ते फॉरेनचं आहे. तिकडे बर्फ पडतो. आई, तू टेन्शन नको घेऊ, आपल्याकडे चलता है. पाणी भरपूर, ऊन भरपूर, शेणखत. बस."

"आन फळ कवा येतं, ते लिवलंय का?"

अक्षदानं कागदावरून बोट फिरवलं. "फूल यायला नऊ ते पंधरा महिने. फूल आलं की त्याच्यापुढं अजून तीनेक महिने."

विठाचा धागे कापणारा हात थांबला.

"अकरात न्हाई व्हत?"

"आई, ते झाड आहे. करार थोडीच आहे?"

सगळे हसले. विठाही हसली, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. पुन्हा तेच. पुन्हा आपण लावायचं, आपण वाढवायचं आणि आपल्या जागी येणाऱ्या बाईनं "घरची आहे" म्हणत खायचं. एकदा, आयुष्यात फक्त एकदा, आपण लावलेल्याचं फळ आपल्या तोंडात पडावं, एवढंच तिला हवं होतं. ते मागणं काही फार मोठं नव्हतं.

केळ मात्र कुणाच्या कराराला बांधलेली नव्हती. ती आपली मोरीच्या पाण्यावर फोफावली. बुडाशी पिल्लांवर पिल्लं फुटली. त्यातलं एकही काढायला विठाचा हात धजला नाही. "लेकुरवाळी दिसतीया," म्हणून ती कौतुकानं बघत बसायची. आणि मग गणपतीत ते जांभळं बोंड आलं. करार संपत होता दसऱ्यानंतर.

पुढचा महिनाभर मोरीमागची दोरी कधी रिकामी राहिली नाही. कधी चादर, कधी जुनं लुगडं, कधी हिंदुरावाची लुंगी. विठाताई फार स्वच्छतेच्या, असा चाळीत लौकिक झाला. त्या पडद्याआड बोंडाचं एकेक पान उचललं जायचं, गळून पडायचं, आणि खाली बाळाच्या बोटांसारखी केळ्यांची एकेक फणी दिसायची. सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी विठा तिकडं बघून यायची.

"मावशीला इचारून बघू का?" हिंदुराव एकदा म्हणाला. "आजून धा-बारा हप्तं ऱ्हाऊ द्या म्हनावं."

"न्हाई म्हनली तर?"

"न्हाईच म्हनंल."

"मग कशाला इचारताय? का म्हनून मागं बघाया यील, आन सगळंच जाईल."

हिंदुरावानं अंबरनाथला तिसऱ्या मजल्यावरची एक खोली बघून ठेवली. "हवा लई झ्याक हाय," एवढंच तो तिच्याबद्दल सांगायचा. दसरा झाला. रविवारचा टेंपो ठरला. विठानं भांडी पोत्यात भरली, गाद्यांच्या वळकट्या बांधल्या आणि मागच्या दारी जायचं बंद केलं. बघायला नको आणि जीव तुटायला नको.

शुक्रवारी सकाळी हिंदुराव कामाला गेला होता, अक्षदाही निघून गेली होती. विठा कपाट रिकामं करत होती, तोच मागून आवाज आला.

"काय गो बाय, तुजी ही चादर महिनाभर वालतच नाय क?"

विठा धावत मागच्या दारात आली. ठमाबाई दोरीपाशी उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कोयता. तिनं काठीनं चादर बाजूला सारली. घड समोर लोंबत होता, हिरवागार, फणीवर फणी चढलेला. ठमाबाईनं काठी भिंतीला टेकवली, घडाखाली तळवा धरला आणि वजन करावं तसा किंचित उचलला.

"लोंगर कवा आलाय?"

"गनपतीत."

"आन मना आज दाखवतंस?"

"म्या कुठं दाखवला? तुमीच..." मग एकदम बांध फुटावा तसं विठा सगळं बोलून गेली. "मावशी, ही आपसूक न्हाई आली. तुमच्या गड्यानं फेकलेला मुनवा म्या खड्डा खनून लावला. चूक झाली. पन आमी हक्क सांगनार न्हाई, देवाशपथ. रवारी टेंपो येतूय, आमी जाताव."

ठमाबाईनं पदर खोचला, गुडघ्यावर हात देत ती बुडाशी वाकली आणि कोयता वर उचलला. दुसऱ्या क्षणी विठा चिखलात उतरून केळीच्या बुंध्याला मिठी घालून उभी होती.

"मावशी, तोडू नका! पिकूंदे ती. सगळा घड तुमी घ्या, न्हाईतर नव्या मानसांना द्या. म्या मागाया येनार न्हाई. नुसतं पिकूंदे!"

ज्या फळासाठी इतके दिवस चोरी केली, ते आपण बोलण्याच्या भरात देऊनही टाकलं, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. पण तिला त्याचं दुःख झालं नाही. केळ वाचावी, एवढंच तिच्या मनात उरलं होतं.

"सर बाजूला. कोयता लागंल," ठमाबाई म्हणाली.

आणि तिनं घाव घातला तो बुंध्यावर नव्हे, पिल्लांवर. एक. दुसरं. तिसरं. काकडी चिरावी तशी ती पिल्लं आडवी होत गेली.

"आई येक आन खानारी तोंडां बघ किती! लोंगराला काय पोचंल मग, माती? तुज्या गावाला केली लावीत नाय क?"

"न्हाई मावशी. बाजरी."

ठमाबाई थांबली, विठाकडं बघितलं आणि उरलेले दात दाखवत खदखदून हसली. "बाजरी!" ती पुन्हा म्हणाली आणि हसता हसता आणखी दोन पिल्लं तोडली. शेवटी एक राहिलं. भाल्यासारखं सरळ, बारीक पानांचं. त्याला तिनं कोयत्याच्या पाठीनं हळूच डिवचलं.

"ही ठेवली. हीच जातीची. हिचा लोंगर पुढल्या साली."

विठा म्हणाली, "पुढल्या साली कोन बघनार हिला?"

"कोन म्हंजे? तूच. मना गुडघ्यांनी वाकता येतंय क रोज?"

विठाला नीट कळलं नाही. कळलं, पण ते खरं धरायची छाती होईना. ठमाबाई कपडे धुवायच्या दगडावर टेकली आणि कोयता पुसत बोलू लागली.

"मना पयल्या दिवसापासून ठाव हाय. फेकलेला मुनवा येवढा सरल उभा ऱ्हातंय क कंदी? बघत व्हती, तू कवा सांगतंस. गो, ज्याला कब्जा करायचाय ना, तो भित घालतो, पत्रा टाकतो. तो केल लावीत नाय. केल लोंगर दिला का मरते. तिचा कसला कब्जा?"

"मरती?" विठानं बुंध्याकडं बघितलं.

"मंग? तिचां काम झाला. म्हनून तं ही बारकी ठेवली." ठमाबाईनं चाळीकडं हात केला. "इतके भाडोत्री आलं नि गेलं. समद्यांनी माज्या जमिनीत निसता चिखल केला. त्यात कायतरी उगवलां ते तुज्या वक्ताला."

"म्हंजी... आमी ऱ्हायचं?"

"संध्याकाली नवऱ्याला धाड. कागद नवा करू."

"किती म्हैन्यांचा?"

"अकराच. वकील अकराच करून देतंय." ठमाबाई काठीच्या आधारानं उठली. "त्ये झालं का परत अकरा. मी हाय तवर. आन आयक, लोंगर उतरला का निम्मा माजा. जमीन माजी हाय."

"घ्या की मावशी! निम्म्याच्या वर घ्या!"

"वर नको. निम्मा."

ती गेल्यावर विठा घरात आली आणि बांधलेल्या वळकटीवर बसून एकटीच हसत सुटली. हसता हसता डोळे कधी वाहायला लागले, ते तिला कळलं नाही. छातीवरून कुणीतरी पाटा उचलावा तसं हलकं वाटत होतं. मग उठून तिनं हात धुतले आणि कारखान्यात फोन लावला.

"आवं, टेंपोवाल्याला नगं म्हना."

"का गं? मावशी गेली का काय?" हिंदुराव घाबरून म्हणाला.

"तुमच्या तोंडाला काय हाड हाय का न्हाई? शंभर वर्सं जगूंदे तिला. तीच ऱ्हावा म्हनली हितंच."

पलीकडं यंत्रांच्या खडखडाटात हिंदुराव हळूच म्हणाला, "बरं झालं. त्या तिसऱ्या मजल्यावर पानी न्हाई चढत. तुला सांगितलं नव्हतं म्या."

अशा रीतीनं त्यांचं घोडं गंगेत न्हालं.

घड उतरला तो मार्गशीर्षात. हिंदुरावानं त्याला आधीच बांबूचा टेकू दिला होता. ठमाबाई स्वतः उभी राहिली आणि फण्या वाटून घेताना वरच्या मोठ्या तिनं बिनदिक्कत आपल्याकडं ओढल्या. मग तिनं कोयता विठाच्या हातात दिला आणि रिकाम्या झालेल्या केळीकडं बोट केलं. विठानं नवऱ्याकडं बघितलं, तर तो आभाळाकडं बघत होता. तेव्हा तिनंच तोडली. बुंधा इतका मऊ, की दोन घावांत केळ आवाज न करता कलली, आणि आतलं पाणी तिच्या पायांवरून वाहत गेलं. मग तिनं पाय न धुताच घरात जाऊन उरलेल्या फण्या पोत्यात गुंडाळल्या आणि तांदळाच्या डब्यात पिकायला ठेवल्या.

चारेक दिवसांनी सकाळी डबा उघडला, तर खोलीभर वास सुटला. एक केळं सालीवर काळे ठिपके पडून पिवळंधमक झालं होतं. पहिलं फळ देवाला, ही विठाच्या घराण्याची रीत. ती तिनं कधी मोडली नव्हती. बाजारातून आणलेल्या आंब्यालासुद्धा आधी देवाची पायरी दाखवायची. केळं घेऊन ती देव्हाऱ्याकडं निघाली, आणि मधेच वळून मागच्या दारात गेली. तिथं उभ्या उभ्या तिनं ते सोललं आणि खाल्लं. घाई केली नाही. एवढंसं केळं, पण शेवटचा घास तिनं तोंडात बराच वेळ धरून ठेवला.

मग हात धुऊन दुसरं केळं तिनं देवापुढं ठेवलं आणि मनापासून माफी मागितली. देव रागावणार नाही, याची तिला खात्री होती. त्याला काही कुणी दर अकरा महिन्यांनी खोली सोडायला सांगत नव्हतं.